१२१ अंशांवर २० मिनिटं म्हणजे एफ-नॉट २० नव्हे: डबाबंद भरताचा हिशेब

यावल तालुक्यातल्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय. त्यांच्या बचत गटाने भरताचे ४५० ग्रॅमचे पत्र्याचे डबे करायला घेतलेत. उभा ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाचं, मोठ्या कुकरसारखं यंत्र) आहे, हाताने चालवायचा सीमर (डब्याला झाकण घट्ट बसवणारं यंत्र) आहे. भरीत ७० अंशांवर गरम असताना भरतात, झाकण लावतात आणि काटा १५ पौंडावर आला की २० मिनिटं मोजतात. त्यांचा हिशेब असा: १५ पौंड म्हणजे १२१ अंश, तिथे २० मिनिटं म्हणजे एफ-नॉट (जंतू मारणाऱ्या उष्णतेचं माप) २०. पुस्तकात ३ पुरतो असं लिहिलंय. मग १० मिनिटं केली तरी तिपटीने सुरक्षित, आणि भरीत काळपट पडतंय तेही थांबेल. बरोबर आहे का?

नाही ताई. आणि हे हलक्याने घेण्यासारखं नाही, म्हणून आधी कामाचं सांगतो, कारण नंतर. या पद्धतीने केलेले जे डबे आज तुमच्याकडे पडून आहेत ते विकू नका, वाटू नका, चव बघायलाही उघडू नका. फुगलेला नाही म्हणजे चांगला आहे असं समजू नका. बॉट्युलिझम हा हवाबंद अन्नात वाढणाऱ्या जंतूच्या विषाने होणारा जीवघेणा आजार. ते विष असलेला डबा सपाट असू शकतो, वासाला ठीक असू शकतो. उकिरड्यावर टाकू नका आणि गुराढोरांना तर मुळीच घालू नका, जनावरांनाही हाच आजार होतो. बंद अवस्थेतच पिशवीत बांधून खोल पुरा. नुकसान होईल, कळतंय मला. पण १९९६ साली शेजारच्या गुजरातेत एका निवासी शाळेतली ३४ मुलं याच आजाराने पडली आणि त्यातली तीन गेली. संशय कुठल्या परदेशी डब्यावर नव्हता, शेवेवर होता.

आता चूक कुठे झाली ते बघू. तुमचा गुणाकार बरोबर आहे, फक्त तो ऑटोक्लेव्हचा आहे. डब्याच्या पोटात काय चाललंय ते काट्याला माहीत नसतं.

तुम्ही भरताच्या मुलखातल्या, तेव्हा हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. तुराट्या-कपाशीच्या काड्यांवर बामणोदचं मोठं वांगं भाजताना साल काळी ठिक्कर पडते, तडकते, तरी देठाजवळचा गर कच्चा असू शकतो. म्हणून घरातली जाणती बाई वरचा रंग बघून वांगं उचलत नाही, देठाशी काडी खुपसते. डब्याचंही तेच. फरक एवढाच, की बंद डब्यात काडी खुपसता येत नाही म्हणून आम्ही थर्मोकपलची, म्हणजे आतलं तापमान मोजणारी, सुई बसवतो.

एफ-नॉट म्हणजे काय, ते पैशात सांगतो. १२१.१ अंशांवरचं एक मिनिट म्हणजे बंदा रुपया. तापमान १० अंशांनी उतरलं की त्याच मिनिटाची किंमत दहावा हिस्सा होते. १११.१ वर एक मिनिट म्हणजे १० पैसे, १०१.१ वर एक पैसा. या १० अंशांनाच झेड म्हणतात. बॉट्युलिझमच्या बीजाणूंसाठी (त्या जंतूचं उष्णता सोसणारं, सुप्त रूप) ते १० धरतात. मिनिटाच्या या किमतीला लेथल रेट म्हणतात. तो काढायचा तर तापमानातून १२१.१ वजा करायचे, उत्तराला १० ने भागायचं आणि १० चा तेवढा घात घ्यायचा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. डब्याच्या सगळ्यात उशिरा तापणाऱ्या बिंदूवर प्रत्येक मिनिटाला किती पैसे जमले, त्याची बेरीज म्हणजे एफ-नॉट. १९२० साली अमेरिकेत बिगेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मांडणी केली, आणि शंभर वर्षांनंतरही संगणकातला प्रोग्राम आतून हीच बेरीज करतो.

यातून एक गोष्ट आपोआप कळते. उकळत्या पाण्यात डबे ठेवून हे काम का होत नाही? १०० अंशांवर मिनिटाला पाऊण पैसा सुटतो. तीन रुपये जमायला डब्याच्या मध्यावर जवळजवळ साडेसहा तास लागतील. तोवर भरताचं काय झालेलं असेल ते सांगायला नको.

तीन रुपयेच का, हेही बघा. कॅलिफोर्नियातल्या डबाबंद ऑलिव्हमुळे १९१९-२० मध्ये माणसं दगावली, त्यानंतर एस्टी आणि मेयर या दोघा शास्त्रज्ञांनी बीजाणूंच्या उष्णता-सहनशीलतेवर काम करून १९२२ साली ते प्रसिद्ध केलं. आज आपण असं धरतो की १२१.१ अंशांवर ०.२१ मिनिटात बीजाणूंची संख्या एक दशांश होते. ही झाली डी-व्हॅल्यू. असं १२ वेळा करायचं, म्हणजे ०.२१ गुणिले १२, अडीच मिनिटं. वर थोडी राखीव धरून तीन. बारा दशांश म्हणजे किती? प्रत्येक डब्यात एक बीजाणू असता तर एक लाख कोटी डब्यांत एक वाचला असता. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, पण विष एवढं जालीम आहे की त्याखाली उतरायला कोणी तयार नाही. मीही नाही.

आता तुमच्या डब्याकडे येऊ. ४५० ग्रॅमचा डबा साधारण ७३ मिलिमीटर व्यासाचा आणि ११० उंचीचा. आत घट्ट, तेलकट, दाण्यांचं भरीत. रस्सा असता तर तो आत फिरला असता, गरम वर आणि गार खाली, आणि उष्णता लवकर पोचली असती. भरीत जागचं हलत नाही. उष्णता पत्र्यापासून एका थरातून दुसऱ्या थरात, मुंगीच्या पावलांनी सरकते. अशा डब्याचा कोल्ड पॉइंट, म्हणजे सगळ्यात उशिरा तापणारा बिंदू, बरोबर मध्यावर. (रस्स्याच्या डब्यात तो खाली सरकतो, तळापासून चौथाई-तिहाई उंचीवर. दोघांत गल्लत करू नका.)

पाणीदार घट्ट पदार्थातून उष्णता ज्या वेगाने सरकते तो वेग धरून मी तुमच्या डब्याचा हिशेब मांडला. मध्य आणि वाफ यांच्या तापमानातलं अंतर एक दशांश व्हायला या डब्यात सुमारे ४८ मिनिटं लागतात. याला एफ-एच म्हणतात, आणि या सगळ्या प्रकरणात एकच आकडा पाठ करायचा असेल तर हा करा. शिवाय सुरुवातीला मध्याला वार्ताच नसते, त्या उशिरासाठी जे नावाचा गुणक, या आकाराला साधारण २. वाफ १२१ अंश, भरीत ७०, अंतर ५१, गुणिले २ म्हणजे १०२. हे १०२ दर ४८ मिनिटांनी एक दशांश होत जातं.

तर तुमच्या २० व्या मिनिटाला डब्याच्या मध्याचं तापमान किती? ८२ अंश.

एकशे एकवीस नाही. ब्याऐंशी. चहा याहून गरम असतो. या तापमानाला मिनिटाची किंमत रुपयाचा आठ हजारावा भाग. वाफ बंद केल्यावर बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते, त्यामुळे मध्य अजून थोडा तापेल, तरी सगळ्या प्रक्रियेचा एफ-नॉट शून्यच म्हणा. कडेचं भरीत करपायला लागलं आणि मधल्या बीजाणूंना फक्त ऊब मिळाली. वाईट म्हणजे या उबेने बाकीचे साधे जंतू मरतात आणि बॉट्युलिझमच्या बीजाणूंना हवाबंद, बिनविरोध घर मिळतं.

पुढे चालू ठेवलं तर काय होतं ते बघा. पहिला आकडा मिनिटांचा, मग मध्याचं तापमान, मग मिनिटाची किंमत, शेवटी तोवरची जमा.

३० मिनिटं: ९६.८ अंश, ०.००४, जमा जवळपास काही नाही.
४० मिनिटं: १०६.० अंश, ०.०३१, जमा ०.१५.
५० मिनिटं: १११.७ अंश, ०.११५, जमा ०.८४.
६० मिनिटं: ११५.३ अंश, ०.२६, जमा २.७.
६५ मिनिटं: ११६.५ अंश, ०.३५, जमा ४.२.
७० मिनिटं: ११७.४ अंश, ०.४३, जमा ६.१.

जमा कशी केली? ६० ते ६५ या पाच मिनिटांत किंमत ०.२६ वरून ०.३५ झाली. सरासरी ०.३०५, गुणिले ५, दीड रुपया. २.७ मध्ये दीड मिळवला, ४.२. बस. वहीत रकाने पाडून करता येतं. मी पहिली आठ वर्षं वहीतच केलं.

या रकान्यांत तुमच्या ‘दहा मिनिटं कमी करू का’ या प्रश्नाचं उत्तर लपलंय. पहिल्या ४० मिनिटांत मिळाले १५ पैसे. शेवटच्या १० मिनिटांत साडेतीन रुपयांच्या आसपास, म्हणजे सगळ्या कमाईच्या निम्म्याहून जास्त. शेवटची १० मिनिटं कापली की सहा रुपयांचे पावणेतीन होतात. लोक वेळ कापतात ती नेहमी शेवटाकडूनच, आणि सगळी कमाई तिथेच असते.

हे आकडे जसेच्या तसे उचलून उद्या ७० मिनिटं लावू नका. हे हिशेबाचे आकडे आहेत, तुमच्या भरताचे नाहीत. तुमच्यात तेल किती, दाण्याचा कूट किती, कांद्याची पात किती, यावर ४८ चे ५५ होऊ शकतात. खरा आकडा सुई बसवूनच कळतो. आणि सुई कशी बसवायची यात मी स्वतः तोंडावर आपटलोय, ते सांगतो.

घट्ट पालक-डाळीच्या डब्यांची चाचणी होती. मी चार डब्यांत सुया बसवल्या, सीम केले, रिटॉर्टमध्ये (कारखान्यातल्या मोठ्या ऑटोक्लेव्हमध्ये) ठेवले. तीन डब्यांचा एफ-नॉट ४ च्या आसपास आला, चौथ्याचा ८ च्या वर. मी तरुण होतो. चौथ्यात भराई पातळ झाली असेल असं मनाशी म्हणालो आणि सरासरी काढून वर पाठवली. आमच्या शिफ्टच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी कागद परत केला, म्हणाले, डबा काप. हॅकसॉने आडवा कापला. सुईचं टोक मध्यावर नव्हतंच. सीमरच्या फिरकीत ती वाकून कडेला गेली होती, पत्र्यापासून बोटभर अंतरावर, आणि तिच्याभोवती करड्या रंगाची शिजून आटलेली डाळ चिकटली होती. मी कडेचं तापमान मध्याचं म्हणून लिहिलं होतं. तेव्हापासून प्रत्येक चाचणीनंतर सुईचा प्रत्येक डबा कापून बघतो, आणि सरासरी कधी काढत नाही. सगळ्यात मागे राहिलेला डबा जो आकडा देईल तोच खरा. दहा डब्यांत नऊ पास झाले म्हणजे ९० टक्के मार्क मिळाले असं इथे नसतं.

एकदा एफ-एच आणि जे हाती आले की प्रत्येक बदलासाठी नव्याने चाचणी लागत नाही. बॉल नावाच्या माणसाने १९२३ साली त्यासाठी सूत्र दिलं: वेळ बरोबर एफ-एच गुणिले (लॉग जे-आय वजा लॉग जी). जे-आय म्हणजे जे गुणिले आय. आय म्हणजे वाफ आणि भरीत यांच्यातलं सुरुवातीचं अंतर, जी म्हणजे शेवटी उरलेलं अंतर. आपल्या उदाहरणात जे-आय १०२, जी साडेतीन, लॉग २.०१ आणि ०.५५, वजाबाकी १.४६, गुणिले ४८, सत्तर मिनिटं. जुळलं.

याचा खरा उपयोग आपल्याकडे लोडशेडिंगच्या दिवशी होतो. समजा डबे भरून सीम झाले आणि वीज गेली. दोन तास डबे टेबलावर पडून राहिले, भरीत ७० वरून ४० अंशांवर उतरलं. वीज आली, नेहमीप्रमाणे ७० मिनिटं लावली. बाहेरून सगळं तेच: तोच काटा, तोच वेळ, तेच डबे. पण अंतर ५१ चं ८१ झालंय, आणि सूत्रात घातलं तर मध्य जवळपास १० मिनिटं मागे पडतो. सहा रुपयांच्या जागी २.८. म्हणजे तीनच्याही खाली. म्हणून भराईचं तापमान दर बॅचला, पहिल्या डब्यात आणि सगळ्यात जास्त वेळ पडून राहिलेल्या डब्यात, वहीत लिहायचं. ठरलेल्या तापमानाखाली गेला तर त्या डब्यांची वेगळी, जास्त वेळेची बॅच. हा नियम भिंतीवर लावा.

आता काट्याबद्दल. प्रेशर गेज हे तापमान मोजायचं साधन नाही. १५ पौंड म्हणजे १२१ अंश हे खरं फक्त तेव्हा, जेव्हा आत निव्वळ वाफ असते आणि तुम्ही समुद्रसपाटीवर असता. आपण दोन्हीकडे थोडे कमी पडतो.

उंचीचं छोटं आहे. जळगाव-भुसावळ पट्टा समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास. १५ पौंडावर अर्ध्या अंशाच्या जवळपास कमी मिळतं, रुपयामागे नऊ-दहा पैसे जातात. हेच यंत्र सातपुड्यात तोरणमाळला, साडेअकराशे मीटरवर नेलंत, तर १५ पौंडावर ११९ च्या खाली राहाल आणि रुपयाचे साठ पैसेच पदरात पडतील.

हवेचं मात्र मोठं आहे. ऑटोक्लेव्हमधली हवा बाहेर काढली नाही तर हवा आणि वाफ मिळून १५ पौंड दाखवतात, पण तापमान वाफेच्या वाट्याचंच असतं. अर्धी हवा आत राहिली तर १५ पौंडावर ११२ अंश. मिनिटाची किंमत बारा पैसे. अजिबात काढली नाही तर १००. डब्यांच्या चळतीत, कोपऱ्यात हवेचे कप्पे राहतात ते वेगळंच. म्हणून वरचा व्हेंट (हवा-वाफ बाहेर सोडायची तोटी) पूर्ण उघडा ठेवून वाफेचा जोरदार, सलग झोत किती मिनिटं सोडायचा हे यंत्र पूर्ण भरलेलं असताना मोजून ठरवायचं, आणि वेळ मोजायला सुरुवात तापमापीवर करायची, गेजवर नाही. तपासून घेतलेला तापमापी हाच प्रमाण. वाफ चढेपर्यंतच्या वेळेचं काय? बॉलच्या हिशेबात त्यातले ४२ टक्के पदरात धरतात, १० मिनिटं चढाई असली तर चारेक मिनिटं. मी छोट्या युनिटला सांगतो, ते धरूच नका, राखीव राहू द्या.

एफ-नॉट ३ ही खालची मर्यादा आहे, गाठायचं ठिकाण नव्हे. ३ ला माणूस वाचतो, माल वाचेलच असं नाही. बॉट्युलिझमपेक्षा चिवट पण निरुपद्रवी बीजाणू असतात. त्यांच्यासाठी साधारण ५-६ लागतात. आणि उष्णताप्रिय नावाची एक जात आहे, १२१ अंशांवर एक दशांश व्हायलाच तिला चार-पाच मिनिटं लागतात. युरोपातल्या पुस्तकात तिच्याबद्दल दोन ओळी असतात, कारण तिला वाढायला ४५ अंशांच्या वरची ऊब लागते आणि त्यांच्या गोदामात ती नसते. आपल्याकडे? मे महिन्यात भुसावळला बाहेर ४५-४६, पत्र्याच्या शेडमध्ये वरच्या चळतीला हात लावून बघा. ते गोदाम नाही, उबवणी यंत्र आहे. डबा फुगत नाही, उघडला की आत आंबट. याला फ्लॅट सावर म्हणतात. यात विषबाधा नसते, पण ग्राहक परत येत नाही.

यावर उपाय म्हणजे एफ-नॉट २० करणं नव्हे, भरताची राख होईल. कच्चा माल स्वच्छ ठेवा. मसाले, दाण्याचा कूट, कोथिंबीर, पातीची माती, बीजाणू इथूनच येतात. प्रक्रिया झाल्यावर डबे लवकर गार करा, मध्य ४० अंशांच्या खाली. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच ३८ असतं, तेव्हा ते पाणी सावलीत किंवा जमिनीखालच्या टाकीत ठेवा, आणि त्यात क्लोरीन हवंच. गार होताना डबा आत ओढ घेतो आणि सीममधून थेंबभर पाणी आत गेलं तरी सगळी मेहनत वाया. गोदामाला पत्र्याखाली छत करा. एवढं केलंत तर तुमच्या भरताला मी ६ ते ८ च्या दरम्यान लक्ष्य ठेवेन.

आता रंग. तुमची तक्रार खरी आहे आणि ७० मिनिटांत ती दुप्पट होईल. जंतू मरायला दर १० अंशांना दहापट फरक पडतो, पण रंग-चव बिघडायला तेवढाच फरक पडायला तीसेक अंश लागतात. म्हणून लोक म्हणतात, तापमान वाढवा, वेळ कमी करा. पातळ पदार्थाला ते ठीक. घट्ट भरताच्या जाड डब्यात तापमान वाढवलं तर कडेचं भरीत आणखी करपतं आणि मध्य तसाच रेंगाळतो. ८५० ग्रॅमच्या मोठ्या डब्यात तर एफ-एच ८० मिनिटांच्या घरात जातो; तो विचारही सोडा.

घट्ट पदार्थात वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी निम्मी, वेळ पाव. म्हणून भरतासाठी डब्याचा हट्ट सोडून चपटी रिटॉर्ट पिशवी (ही उष्णता सोसणारी सीलबंद पिशवी) घ्या असं माझं स्पष्ट मत. २० मिलिमीटर जाडीच्या पिशवीचा एफ-एच माझ्या हिशेबाने १० मिनिटांच्या आसपास येतो. तीच ७० ची भराई, तीच १२१ ची उष्णता धरली, तर २० व्या मिनिटाला मध्यावर १२०, आणि जमा ५.८. तुमची लाडकी २० मिनिटं इथे मात्र कामाला येतात. डब्यात ७० मिनिटं भाजून निघणारी कड इथे २० मिनिटांत सुटते. रंगाचा फरक डोळ्यांना दिसेल.

पण पिशवी तुमच्या साध्या ऑटोक्लेव्हमध्ये होत नाही, हेही सांगायला हवं. गार करताना बाहेरचा दाब एकदम उतरतो, आतला राहतो, पिशवी फाटते. गार होतानाही बाहेरून दाब टिकवणारं, ओव्हरप्रेशरचं रिटॉर्ट लागतं. आणि पिशव्या जाळीच्या तबकात अशा बसवायच्या की २० चे २६ मिलिमीटर होऊ नयेत. २६ झाले की वेळ पावणेदोनपट. स्वतःचं यंत्र लगेच घेऊ नका, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे मजुरीने करून घ्या.

तिसरा रस्ता आंबटपणाचा. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली गेला तर हे बीजाणू उगवत नाहीत आणि उकळत्या पाण्याची प्रक्रिया पुरते. वांग्याचा पीएच साडेपाच ते साडेसहा. तिथून खाली आणायला लिंबू बऱ्यापैकी पडेल, तेही वांग्याच्या गाभ्यापर्यंत मुरायला हवं. करता येईल, पण मग त्याला लोणचं म्हणा. कळण्याच्या पुरीबरोबर आंबट भरीत वाढलं तर आमच्या आसोद्याच्या आत्याने ताट सरकवलं असतं.

एक गोष्ट तेलाची. वरून तेलाचा तवंग दिला की माल टिकतो, असं लोणच्यावरून आपल्या डोक्यात बसलंय. इथे उलट आहे. तेल हवा रोखतं, म्हणजे बॉट्युलिझमला हवं तेच करतं. शिवाय तेलाच्या थेंबात कोरडा अडकलेला बीजाणू ओल्या वाफेपेक्षा जास्त उष्णता सोसतो. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरला तेलातल्या लसणामुळे ३६ माणसं आजारी पडली होती. म्हणून लसूण-मिरचीचा ठेचा वेगळा तेलात बुडवून शेवटी घालू नका. आधी भरतात एकजीव होऊ द्या, त्यातलं पाणी त्याला लागू द्या, मग भरा.

डबे ३७ अंशांवर १४ दिवस आणि ५५ वर ७ दिवस ठेवून बघायची पद्धत आहे, ती कराच. पण ती हिशेबाची जागा घेत नाही. लाख कोटीत एकाची गोष्ट वीस डबे उबवून सिद्ध होत नसते; वीस डब्यांतून फक्त एवढंच कळतं की ढोबळ घोटाळा नाही.

पुढचं पाऊल: मैसूरच्या सीएफटीआरआयसारख्या अन्न-संशोधन संस्थेकडून किंवा थर्मोकपल आणि डेटा लॉगर (तापमान नोंदवत राहणारं यंत्र) असलेल्या जाणकार प्रयोगशाळेकडून उष्णता-प्रवेशाची चाचणी करून घ्या. एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) परवान्याच्या कागदात तोच अहवाल तुमच्या कामी येईल. चाचणीला माल नेताना एक मोह टाळा. नेहमीपेक्षा जरा सैल, पातळ भरीत नेलं की आकडे छान येतात, आणि मग घरी आल्यावर दाण्याचा कूट मुठीने पडतो. उलट करा: थंडीतली मांसल वांगी, कूट सगळ्यात जास्त, डबा काठाखाली सोडायची ठरलेली जागा सोडून पूर्ण भरलेला, आणि भराईचं तापमान तुमच्याकडे सगळ्यात वाईट दिवशी असेल तेवढं. सुईचे डबे कापायला हॅकसॉ सोबत न्या, तिथे वेळेवर मिळत नाही.